खासगी तुरुंग: भांडण्याआधी कंत्राट वाचा

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नेवार्कचं डेलनी हॉल, म्हणजे स्थलांतरितांना ताब्यात ठेवायचं खासगी केंद्र, पुन्हा सुरू झाल्यापासून इथे खासगी तुरुंगांवरून वाद पेटलाय. कंपनी जर सरकारपेक्षा स्वस्तात आणि नीट काम करत असेल तर बिघडलं कुठे? शाळा, रुग्णालयं, विमानतळ खासगी चालतात, मग तुरुंगच का नको? भारतात तुरुंग इतके खचाखच भरलेत, तिथे हा मार्ग का नसावा? आणि माझ्या रिटायरमेंट फंडात या कंपन्यांचे शेअर निघालेत, त्यांचं काय करू?"

अमेरिकेतल्या एका राज्याच्या तुरुंग खात्यात मी बरीच वर्षं कंत्राटं तपासायचं काम केलं. कंपनी चालवत असलेल्या तुरुंगात सरकारच्या वतीने बसायचं, करारात लिहिलंय ते प्रत्यक्षात होतंय का ते बघायचं, आणि महिनाअखेरीला बिल मंजूर करायचं की कापायचं ते ठरवायचं. त्यामुळे या विषयात मी तत्त्वज्ञानाच्या आधी बिलाकडे जातो.

बिलात खरी ओळ एकच असते: किती कैदी, किती दिवस, गुणिले दर. या दराला तिथे 'पर डिएम' म्हणतात. तुमच्या डेलनी हॉलचंच घ्या. ते चालवणाऱ्या जीईओ ग्रुप या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की १,००० खाटा, १५ वर्षं, आणि त्या मुदतीत सुमारे १ अब्ज डॉलर उत्पन्न. भागाकार करा, एका खाटेमागे दिवसाला १८० डॉलरच्या आसपास येतात. आतला माणूस सुरक्षित राहिला का, आजारी पडल्यावर डॉक्टरने वेळेत पाहिला का, बाहेर पडल्यावर पुन्हा गुन्ह्यात सापडला का, याबद्दलची कलमं करारात इतरत्र असतात, पानंच्या पानं असतात. पैसा मात्र बहुतेक करारांत त्या कलमांतून वाहत नाही. सरकार भरलेल्या खाटेचे पैसे मोजतं, म्हणून त्याला भरलेली खाट मिळते. माझ्या दृष्टीने दुखणं इथे आहे. या धंद्यात मला राक्षस भेटले नाहीत. साधी, हिशेबी माणसं भेटली, आणि ती आपला करार चोख पाळत होती.

हे सुरू झालं ते १९८० च्या दशकात. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना लांबलचक शिक्षा होऊ लागल्या, तुरुंग ओसंडू लागले, गर्दी कमी करा म्हणून न्यायालयं राज्यांच्या मानगुटीवर बसली, आणि नवे तुरुंग बांधायला कर्जरोखे काढायचे तर मतदार नाही म्हणायचे. १९८३ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे सीसीए, ही कंपनी निघाली. आजची कोअरसिव्हिक ती हीच. तिने पहिले कैदी, म्हणजे कागदपत्रांविना आलेले स्थलांतरित, ह्यूस्टनमधल्या एका मोटेलात ठेवले होते. १९८५ मध्ये तर तिने टेनेसीची सगळीच्या सगळी तुरुंगव्यवस्था ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली. राज्याने दिली नाही. पण युक्ती पुढे चालली: बांधकामाचं भांडवल कंपनीचं, राज्याला फक्त रोजचा दर. मतदाराला न विचारता तुरुंग उभा राहतो, हा राजकारण्यांना पटलेला खरा फायदा. स्वस्ताईची भाषा त्यावरची कल्हई.

आता स्वस्ताईकडे येऊ. तुरुंगाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा. इमारत, वीज, जेवण यांत थोडंफार वाचतं, पण डोळ्यांत भरेल अशी बचत करायची तर माणसांवरच करावी लागते: कमी पगार, कमी प्रशिक्षण, कमी जागा भरलेल्या. लुइझियानातल्या विन या खासगी तुरुंगात २०१४-१५ च्या सुमारास पहारेकऱ्याला तासाला ९ डॉलर मिळत होते. एवढ्या पैशांत धोक्याची नोकरी करायला जो येतो तो टिकत नाही. दर वर्षी निम्मे चेहरे बदलत असतील तर कोणत्या बराकीत कोणाचं कोणाशी वैर आहे हे ठाऊक असणारं कोणी उरत नाही, आणि तुरुंगात सुरक्षितता म्हणजे बऱ्याच अंशी एवढंच ठाऊक असणं.

आयडाहोचं उदाहरण मी नव्या तपासनिसांना नेहमी द्यायचो. बॉयझीजवळचा आयडाहो करेक्शनल सेंटर हा तुरुंग सीसीए चालवत होती. आत इतक्या मारामाऱ्या व्हायच्या की कैद्यांनी त्याचं नाव 'ग्लॅडिएटर स्कूल' पाडलं होतं. २०१३ मध्ये कंपनीने कबूल केलं की २०१२ च्या काही महिन्यांत सुमारे ४,८०० तासांच्या हजेऱ्या खोट्या लिहिल्या गेल्या. म्हणजे ज्या चौक्यांवर कोणी नव्हतं तिथे कागदावर पहारेकरी उभा होता, आणि राज्य त्याचे पैसे भरत होतं. कंपनीने १० लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि जुलै २०१४ मध्ये राज्याने तुरुंग स्वतःकडे घेतला. यात शिकण्यासारखं हे की असला प्रकार हजेरीपुस्तकावरून कधीच दिसत नाही. हजेरीपुस्तक फाटकावरच्या नोंदवहीशी आणि पगारपत्रकाशी ताडून बघावं लागतं. तिन्ही कागद एकाच रात्रीचे मागवा म्हटलं की कचेरीत जी शांतता पसरते तिच्यावरून बरंच कळतं.

दुसरी बचत याहून चलाख, आणि पूर्ण कायदेशीर. कोणते कैदी घ्यायचे तेच करारात लिहून ठेवायचं. गंभीर आजारी नको, मनोरुग्ण नको, कडक पहाऱ्याचे नको. महागडे कैदी सरकारी तुरुंगात राहतात, तरुण आणि धडधाकट कंपनीकडे जातात, आणि मग दोन्हीकडचा सरासरी खर्च शेजारी शेजारी मांडून 'बघा' म्हणायचं. ॲरिझोनाच्या तुरुंग खात्यानेच हा फरक वजा करून हिशेब मांडला, तेव्हा खासगी तुरुंग स्वस्त निघेनात. मग २०१२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने काय करावं? अशी तुलना करायची अटच कायद्यातून काढून टाकली.

ॲरिझोनाचा विषय निघालाच आहे तर किंगमन सांगतो, कारण करार नावाची चीज किती ताकदीची असते ते यात दिसतं. ३० जुलै २०१० ला किंगमनजवळच्या तुरुंगातून तीन कैदी पळाले. तुरुंग चालवत होती मॅनेजमेंट अँड ट्रेनिंग कॉर्पोरेशन, म्हणजे एमटीसी. कुंपणावरची धोक्याची घंटा उगाचच इतक्यांदा वाजायची की पहारेकऱ्यांनी तिच्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. पळालेल्या टोळीने पुढे न्यू मेक्सिकोत सुट्टीवर निघालेल्या साठीतल्या एका जोडप्याचा खून केला. राज्याने पाहणी केली, दोष काढले, धोकादायक कैदी तिथून हलवले आणि सुधारणा होईपर्यंत नवे पाठवणं थांबवलं. कोणतंही शहाणं सरकार हेच करेल. पण करारात कलम होतं की ९७ टक्के खाटांचे पैसे मिळतीलच, भरलेल्या असोत की रिकाम्या. कंपनीने दाव्याची भाषा केली आणि ज्या तुरुंगातून खुनी पळाले त्याच्या रिकाम्या खाटांपोटी राज्याने सुमारे ३० लाख डॉलर भरले. पाच वर्षांनी त्याच तुरुंगात दंगली झाल्या, तेव्हा कुठे गव्हर्नरने कंत्राट रद्द केलं. आणि दिलं कोणाला? जीईओ ग्रुपला.

या हमीला ऑक्युपन्सी गॅरंटी म्हणतात. ८०, ९०, काही ठिकाणी १०० टक्क्यांचीसुद्धा. २०१२ मध्ये सीसीएने ४८ राज्यांना पत्र धाडलं होतं: तुमचे तुरुंग आम्ही विकत घेतो, २५ कोटी डॉलर बाजूला काढलेत, फक्त २० वर्षांचा करार करा आणि ९० टक्के भरलेले राहतील अशी हमी द्या. कोणीही होकार दिला नाही, हे त्या राज्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. तरी त्या पत्राचा अर्थ बघा. पुढची २० वर्षं गुन्हे कमी झाले, शिक्षा सौम्य झाल्या, जामीन लवकर मिळू लागला, तर त्याचा दंड करदात्याने भरायचा.

नफ्यात अनैतिक काय, याचं उत्तर देताना बहुतेक जण पेनसिल्व्हेनियाच्या लुझर्न काउंटीचं प्रकरण काढतात. खासगी बालसुधारगृहाच्या बिल्डर आणि मालकाकडून दोन न्यायाधीशांनी २८ लाख डॉलरच्या आसपास पैसे खाल्ले आणि क्षुल्लक कारणांवरून मुलांना आत टाकलं. एकाला २०११ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली, हजारो मुलांवरचे निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुसले. भयंकरच आहे. पण मला ते वादात कमी उपयोगाचं वाटतं. तिथे लाच होती, आणि लाच सरकारी खात्यातही असते. मला त्रास होतो तो कोणीही कायदा मोडलेला नसताना जे घडतं त्याचा.

मिसिसिपीतल्या कैद्यांच्या नोंदींवर अनिता मुखर्जी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केलेला अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा. सारख्याच प्रकारच्या कैद्यांमध्ये, खासगी तुरुंगात गेलेल्यांना सरासरी ९० दिवस जास्त आत राहावं लागलं. त्या वाढीव दिवसांनी खासगीकरणाची निम्मी बचत खाऊन टाकली, आणि पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाणही त्यामुळे घटलं नाही. हे दिवस येतात कुठून? शिस्तभंगाच्या नोंदींतून. खासगी तुरुंगात अशा नोंदी जास्त होत्या. कैद्याने उलट उत्तर दिलं, रांग मोडली, पहारेकऱ्याने तक्रारीची चिठ्ठी फाडली, शिक्षेतली सूट कापली गेली, सुटका लांबली. ती चिठ्ठी फाडणाऱ्या पोराच्या मनात कंपनीचा नफा नसतो. त्याला फक्त पाळी संपवून घरी जायचं असतं. पण त्याला वेळीच आवरणारा, 'एवढ्या-तेवढ्यावर चिठ्ठ्या फाडू नका' म्हणणारा वरिष्ठ ज्या व्यवस्थेत असायला हवा, त्या व्यवस्थेला तसं म्हणायचं काही कारण उरलेलं नसतं.

शाळा-रुग्णालयांशी तुलना इथेच तुटते. खानावळीत आमटी पातळ झाली की माणूस पुढच्या महिन्यात दुसरी खानावळ गाठतो. कैद्याला तो मार्ग नाही, त्याच्या बायकोला नाही, आईला नाही. पैसे देणारा गिऱ्हाईक म्हणजे सरकार, आणि सरकारला आतली आमटी चाखावी लागत नाही. शिवाय रुग्णालय तुम्हाला बळाने डांबून ठेवू शकत नाही. तुरुंगाचं काम तेच आहे: झडती, बेड्या, एकांतकोठडी, वेळ आली तर लाठी. हे अधिकार माणसावर चालवायचे तर चालवणाऱ्याला त्यात पैशाचं हित नसावं, एवढीच माझी अट.

ही अट माझी नवी नाही. इस्रायलने २००४ मध्ये कायदा करून बेरशेबाजवळ खासगी तुरुंगाची तयारी केली. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश डोरिट बेनिश यांच्या पीठाने, आठ विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. कंपनी कैद्यांना वाईट वागवेल असं न्यायालयाने म्हटलंच नाही. सोयी कदाचित चांगल्याही असतील, पण माणसाचं स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेच्या हाती देणं हाच त्याच्या स्वातंत्र्याचा आणि प्रतिष्ठेचा भंग आहे, असा तो निकाल. मी स्वतः इतक्या टोकाला लगेच जात नाही. पण त्या निकालाने प्रश्न योग्य जागी नेऊन ठेवला हे मान्य करतो.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता दिलेलं उत्तर अर्धवट राहील. अमेरिकेतले राज्यांचे आणि केंद्राचे जेमतेम ८ टक्के कैदी खासगी तुरुंगांत आहेत. हिंसाचारासाठी कुप्रसिद्ध झालेले तुरुंग बघा: न्यू यॉर्कचं ॲटिका सरकारी आहे, तिथलंच रायकर्स आयलंड सरकारी आहे, मिसिसिपीचं पार्चमन सरकारी आहे. उद्या सगळ्या कंपन्या बंद केल्या तरी अमेरिकेत इतकी माणसं तुरुंगात का, हा प्रश्न तसाच राहतो. उलट बाजूने, २०१६ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी केंद्राच्या कंत्राटी तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक बाबतींत दर माणशी सुरक्षिततेच्या घटना तिथे जास्त निघाल्या. दोन ठिकाणी तर नव्या कैद्यांना काहीही गुन्हा नसताना शिक्षेच्या वेगळ्या कोठड्यांत ठेवलं होतं, इतर बराकींत खाट शिल्लक नव्हती म्हणून.

ब्रिटनमध्ये चित्र आणखी गुंतागुंतीचं. जीफोरएस या कंपनीकडे २०११ मध्ये दिलेला बर्मिंगहॅमचा तुरुंग २०१८ पर्यंत असा झाला की तपासणी पथकाला पहारेकरी खोल्यांना आतून कुलूप लावून बसलेले दिसले. सरकारला तो परत घ्यावा लागला. त्याच कंपनीच्या ऑल्टकोर्स तुरुंगाला मात्र वर्षानुवर्षं चांगले शेरे मिळाले. न्यूझीलंडमध्ये सर्को या कंपनीच्या माउंट ईडन तुरुंगातल्या कैद्यांच्या झुंजींचे व्हिडिओ २०१५ मध्ये बाहेर आले आणि तो तुरुंग काढून घेतला गेला. पण त्याच सर्कोच्या ऑकलंड साउथ या तुरुंगाच्या करारात, सुटलेले कैदी सरकारी तुरुंगातल्यांपेक्षा कमी प्रमाणात परत आले तर बक्षीस, असं कलम घातलेलं आहे. नफाच वापरायचा तर असा वापरा, हे मला पटतं. मात्र असा करार लिहायला आणि त्यावर नजर ठेवायला सरकारी माणसं लागतात, चांगल्या पगाराची, आतच ठाण मांडून बसणारी. त्यांचा खर्च धरला की स्वस्ताईचं कौतुक ओसरतं, म्हणून बहुतेक सरकारं तो करतच नाहीत.

तुमच्या आसपासच्या वादाचं म्हणाल तर तो वेगळ्या कप्प्यातला. स्थलांतर खात्याच्या, म्हणजे आयसीईच्या ताब्यातल्या माणसांपैकी जवळजवळ ९० टक्के लोक खासगी जागांत असतात. ते शिक्षा झालेले कैदी नव्हेत. त्यांची प्रकरणं दिवाणी स्वरूपाची. व्हिसा संपलेला, आश्रय मागणारा, कागद अडकलेला. आपल्या लोकांवर या व्यवस्थेत जाण्याची वेळ आली तर ती याच दाराने येते. आणि त्यांना फुकट सरकारी वकील मिळत नाही, त्यामुळे प्रकरण लांबतं, आणि लांबलेला प्रत्येक दिवस बिलात चढतो. शिवाय आतली झाडलोट, स्वयंपाकघर, धोबीकाम हे त्यांच्याचकडून दिवसाला १ डॉलर देऊन करून घेतात. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा इथे २०२१ मध्ये ज्युरीने जीईओला सांगितलं की किमान वेतन द्यायला हवं होतं, आणि १ कोटी ७३ लाख डॉलर थकबाकी ठरवली.

धोरण तर निवडणुकीगणिक फिरतं. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राने खासगी तुरुंग बंद करू म्हटलं, शेअर कोसळले. २०१७ मध्ये तो आदेश मागे. २०२१ मध्ये बायडन यांनी पुन्हा बंदी घातली, पण स्थलांतरितांची केंद्रं वगळून. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी ती रद्द केली.

भारतात हे आणावं का? आपल्याकडे नफ्यावर चालणारा तुरुंग नाही. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे आणि गर्दीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या आकड्यांप्रमाणे क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते. पण त्यातले चारातले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला चालू असलेले. आर्थर रोडच्या बराकीत माणूस अडकतो तो जामिनाची रक्कम नाही म्हणून, न्यायालयात न्यायला पोलीस पथक मिळालं नाही म्हणून, पुढची तारीख पडली म्हणून. अशा ठिकाणी रोजच्या दराचा करार केलात तर प्रत्येक तारीख कंपनीच्या खात्यात जमा होईल.

एक बारीक गोष्ट सांगतो, जी मी या चर्चेत कोणी काढलेली पाहिली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने, काही अपवाद सोडता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामीनपत्रावर सोडायचं असतं. त्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा तो कोणी? तुरुंग अधीक्षकाने. आज सरकारी अधीक्षक तो अर्ज करायला विसरतो, आळस करतो, कारकून नाही म्हणतो. हे वाईटच आहे. पण तो विसरल्याने त्याला काही मिळत नाही. अधीक्षकाच्या खुर्चीत कंपनीचा व्यवस्थापक बसवा आणि मग त्या अर्जाचं काय होईल ते बघा. गर्दी कमी करायची तर त्या अर्जांसाठी प्रत्येक तुरुंगात दोन वकील आणि एक कारकून नेमा. नव्या खाटांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.

राहता राहिले शेअर. तुमच्या फंडात ते बहुधा इंडेक्स फंडातून आलेत आणि रक्कम किरकोळ असेल. तुम्ही विकल्याने कंपनीला फरक पडत नाही, दुसरा कोणीतरी घेतो. कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने २०१८ मध्ये अंग काढून घेतलं, त्याचीही बातमीच जास्त झाली. खरा चिमटा बसला तो २०१९ मध्ये, जेपी मॉर्गन आणि बँक ऑफ अमेरिका यांनी कर्ज देणं थांबवतो म्हटल्यावर. कोअरसिव्हिक आणि जीईओ या दोन्ही कंपन्या तेव्हा करासाठी 'रीट', म्हणजे भाड्यावर चालणाऱ्या मालमत्ता कंपन्या म्हणून नोंदलेल्या होत्या. रीटला करपात्र नफ्याचा फार मोठा भाग भागधारकांना वाटून टाकावा लागतो, गंगाजळी साठत नाही, म्हणून वाढायचं तर कर्ज हवंच. कर्ज आटलं तसा २०२१ मध्ये दोघींनी तो दर्जा सोडला. त्यामुळे शेअरपेक्षा तुमचं बँक खातं कुठे आहे हे बघणं जास्त कामाचं.

तरीही माझ्या फंडात ते शेअर असते तर मी काढले असते. ठरवण्यापूर्वी कोअरसिव्हिकचे जुने वार्षिक अहवाल उघडा आणि त्यात 'व्यवसायापुढचे धोके' हे सदर काढा. कायद्याने गुंतवणूकदाराला खरं सांगावं लागतं, म्हणून कंपनीने ते स्वतःच लिहिलंय: शिक्षा सौम्य झाल्या, पॅरोल सहज मिळू लागला, आज गुन्हा असलेल्या काही गोष्टी उद्या गुन्हा राहिल्या नाहीत, तर आमचा धंदा कमी होऊ शकतो.